केकची घडणावळ

शुक्रवारची संध्याकाळ, साडेसहाचा सुमार. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीतलं तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर. ओट्यावर फिरतं टेबल आणि त्यावर एक किलोचा चॉकलेट केक, क्रीमचा पहिला पातळ हात फिरवून झालेला. स्पंजचा चुरा वरच्या थरात येऊ नये म्हणून हे अस्तर देतात. केक करणाऱ्या बायका त्याला ‘क्रम्ब कोट’ म्हणतात. आता केक फ्रिजमध्ये जायचा, तेवढ्यात फोन वाजला. हात क्रीमने भरलेले, म्हणून केक करणाऱ्या ताईंनी करंगळीने स्पीकर लावला. समोरच्या विंगमधल्या काकू होत्या.

“अगं, रविवारी नातवाचा वाढदिवस आहे. एक किलोचा केक हवाय. काय लावशील?”

“साडेनऊशे, काकू.”

पलीकडे जरा वेळ शांतता. “साडेनऊशे? अगं, घरीच तर करतेस!”

“हो काकू, घरीच करते. साडेनऊशेच होतील. उद्या दुपारपर्यंत नक्की सांगा, म्हणजे मला रात्री क्रीम फ्रीझरमधून काढून ठेवता येईल.”

आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. फोन ठेवल्यावर त्यांनी केक अलगद उचलून फ्रिजमध्ये सरकवला आणि मला म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी मी म्हणाले असते, तुम्हाला सहाशेला देते काकू. आणि वर मेणबत्त्या फुकट दिल्या असत्या.”

या लेखासाठी संपादकांनी विषय कळवला होता, ‘घर आणि कमाई’. मी पुणे, डोंबिवली आणि सातारा इथल्या घरातून केक-बिस्किटं करून विकणाऱ्या काही जणींकडे जाऊन बसले. पाककृती विचारायला गेले नव्हते. चांगला केक करणारी बाई धंदा करणारी बाई केव्हा होते, तो दिवस कोणता, हे मला बघायचं होतं. नावं लिहू नका, असं जवळजवळ प्रत्येकीने सांगितलं. कारणही सारखंच होतं: गिऱ्हाइकांत निम्मे नातेवाईक आहेत.

वहीतलं पान

यांतल्या बहुतेकींची सुरुवात 2020च्या टाळेबंदीत झाली. बऱ्याच बेकऱ्या बंद होत्या आणि घरोघर वाढदिवस मात्र येतच होते. ओव्हन नसलेल्यांनी कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून केक भाजले. फोटो गेले, शेजारणीने विचारलं, मावशीने विचारलं, आणि ‘सामानाचे पैसे दे हं’ म्हणत पहिली ऑर्डर आली. ‘सामानाचे पैसे’ हाच पहिला दर ठरला, आणि पुढे वर्षानुवर्षं तोच मनात घर करून राहिला.

सिंहगड रस्त्यावरच्या या ताईंनी मला त्यांची जुनी शंभरपानी वही दाखवली. एका पानावर दोनदा खाडाखोड आहे. त्या पानाचा दिवस त्यांना पक्का आठवतो, कारण त्याच सकाळी मुलीची शाळेची फी भरायची होती आणि ‘केकचे पैसे’ म्हणून खात्यात काहीच शिल्लक नव्हतं. महिन्यात 26 किलो केक गेले होते. मग पैसे गेले कुठे?

त्या रात्री त्यांनी एका किलोच्या एगलेस ट्रफल केकचा हिशेब मांडला. मैदा, साखर, दही, तेल, कोको, सोडा-पावडर मिळून स्पंजला 75 रुपये. कंपाउंड चॉकलेट पाव किलो, 100. व्हिप क्रीम, 75. साखरेचं पाणी आणि इसेन्स, 10. एकूण 260. इथपर्यंतचा आकडा त्यांना आधीही तोंडपाठ होता. 260चा केक 600ला जातो म्हणजे 340 सुटतात, असं त्या धरून चालल्या होत्या. मग त्यांनी खाली एकेक ओळ वाढवली. खोका, खालचा पुठ्ठा, प्लास्टिकची सुरी, मेणबत्ती, नावाचा टॉपर: 70. ओव्हन आणि फ्रिजची वीज: 15. फसलेला स्पंज, उरून वाया गेलेलं क्रीम असं सरासरीने 20. झाले 365. नवऱ्याने स्कूटरवरून पोचवून दिला, त्याचं पेट्रोल 40. राहिले 195.

शेवटची ओळ लिहायला त्यांना सगळ्यात वेळ लागला. त्या ओळीत तास लिहायचे होते. गिऱ्हाइकाशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं अर्धा तास, कारण फोटो दोनदा बदलतो आणि मुलाच्या नावाचं स्पेलिंग तीनदा. सामान आणणं, मिश्रण, भाजणं, गार होऊ देणं, थर, अस्तर, सजावट. आणि भांडी. क्रीमची भांडी गरम पाण्याशिवाय निघत नाहीत. भाजताना नुसतं थांबायचा वेळ सोडूनही साडेचार तास झाले. 195 भागिले साडेचार, तासाला 43 रुपये.

“आमच्याकडे भांड्यांना येणाऱ्या मावशींना तासाला याहून जास्त पडतात,” ताई म्हणाल्या. “पडायलाच हवेत. पण मग मी स्वतःला काय समजत होते?”

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या हिशेबात एक नवं नाव आलं: ‘मी’. चार तासांचे तासाला 100 प्रमाणे 400. अर्धा तास हात बसेल तसा कमी होईल, म्हणून सोडला. ओव्हन-बीटरच्या झिजेसाठी 35. एकूण 800. त्यावर धंद्याचा नफा म्हणून 150. दर झाला 950 आणि पोचवणावळ वेगळी. तोवर मजुरी आणि नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. उद्या हाताखाली मुलगी ठेवली तर मजुरीचे 400 तिला द्यावे लागतील. मजुरी दरातच नसेल तर ती मुलगी ठेवणार कशी, आणि धंदा वाढणार कसा?

दर वाढवल्यावर गिऱ्हाइकं गेली. हे लपवायचं कारण नाही. त्या पुढच्या महिन्यात 17 किलोचेच केक गेले. पण त्या सतरा किलोंनी सामानसुमान वजा जाता 9,945 रुपये दिले. आधीच्या सव्वीस किलोंनी 5,070 दिले होते. नऊ केकांची पाठदुखी वाचली ती निराळीच.

भाजणावळ

माझ्या लहानपणी दिवाळीआधी आई रवा-मैदा, पिठीसाखर आणि तुपाचा डबा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायची. नानकटाई तिथेच मळायची, पत्र्यावर थापायची, आणि भट्टीवाला किलोवर पैसे घेऊन भाजून द्यायचा. त्याला भाजणावळ म्हणत. तुपाचा वास कपड्यांना लागून घरी यायचा. भट्टीवाल्याला कुणी ‘भट्टी तर पेटलेलीच आहे, मग पैसे कसले?’ असं विचारल्याचं मला आठवत नाही.

मराठीत ‘-आवळ’ हा प्रत्यय किती ठिकाणी आहे बघा. दळणावळ, शिवणावळ, कातणावळ, घडणावळ. सोनं आपलं असलं तरी सोनाराला घडणावळ द्यावी लागते, आणि दागिना मोडताना ती परत मिळत नाही हेही आपण मुकाट्याने मान्य करतो. हाताच्या कामाला सामानापासून वेगळं काढून त्याचं मोल सांगणारे इतके शब्द भाषेत तयार आहेत. मात्र आपल्याच घरातल्या बाईने आपल्याच ओट्यावर काही केलं, की ही ओळ बिलातून गळून पडते. बाहेरच्यांच्या आधी तिच्या स्वतःच्याच मनातून गळते.

ही ओळ बिलात घालणाऱ्या बायका आपल्याकडे पूर्वीच होऊन गेल्या आहेत. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. त्यांना उसने देणाऱ्या छगनलाल पारेखांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: हिशेब चोख ठेवा आणि कुणाकडून देणगी घेऊ नका. पुढे त्याचंच लिज्जत झालं. मळलेलं पीठ घरी न्यायचं, लाटलेले पापड परत आणायचे आणि लाटण्याचे पैसे घ्यायचे, अशी तिथली पद्धत आहे. त्या पैशाला ‘वणाई’ म्हणतात. लाटणावळच ती. ती नफ्यातून उरलं तर द्यायची रक्कम नव्हती, दर ठरण्याआधीच धरलेली होती. 2021मध्ये त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री मिळाली.

गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांची गोष्ट जास्त कडू आहे. गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालून त्या घर चालवायच्या, पण महिनाभर वाणी उधारीवर माल द्यायचा आणि कमाई त्याच्या व्याजात जायची. प्रेमा पुरव यांनी 1975मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेच्या दारात नेलं. रांधण्यात त्या कधीच कमी नव्हत्या. पैसा नेमका कुठून गळतो, ते बघायला कुणीतरी सोबत बसणं गरजेचं होतं. डोंबिवलीत एका बाईंच्या घरी मला याचीच आजची आवृत्ती दिसली. त्यांचा क्यूआर कोड नवऱ्याच्या खात्याला जोडलेला होता. चार वर्षं सगळे पैसे तिकडे जमा झाले. नवरा भला माणूस आहे, त्यातूनच विजेचं बिल आणि गाडीचा हप्ता भरत होता. पण बाईंना विचारलं, महिन्याला किती मिळतात, तर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

आता त्यांचं वेगळं बचत खातं आहे. त्याहून मोठा बदल स्वयंपाकघरात आहे: साखरेचे दोन डबे. निळ्या झाकणाचा डबा धंद्याचा. चहाची साखर संपली तरी त्यातली घ्यायची नाही, आणि घेतलीच तर चिठ्ठीवर लिहायचं. त्यांची सासू आता ही चिठ्ठी न चुकता लिहिते.

किती ऑर्डर घ्यायच्या, ते फ्रिज ठरवतो

लोकांना वाटतं, ओव्हन मोठा घेतला की धंदा मोठा होतो. या बायका वेगळंच सांगतात. ओव्हन एका केकला पाऊण तास अडतो आणि मग मोकळा होतो, फ्रिज रात्रभर अडतो. गोठवलेलं नॉन-डेअरी क्रीम आदल्या रात्री खाली उतरवून फ्रिजमध्येच हळूहळू सुटू द्यावं लागतं. घाईने बाहेर ठेवलं तर फेटताना उभं राहत नाही. सजवलेला केक दहा इंची खोक्यात बसतो, आणि घरगुती फ्रिजमध्ये जाळ्या काढून असे चारच खोके मावतात. त्या दिवशी घरची भाजी शेजारणीच्या फ्रिजमध्ये जाते. शनिवारी पाचवी ऑर्डर घेतली की काहीतरी बिघडतंच, हे प्रत्येकीने एकदा तरी भोगलेलं आहे.

सिंहगड रस्त्याच्या ताईंनी पाचवी ऑर्डर एप्रिलमध्ये घेतली होती. बटरक्रीमचा दोन मजली केक. लोणी 32 ते 35 अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्या दिवशी बाहेरच चाळिशी जवळ होती. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून तो पंख्याखाली राहिला. कोथरूडला पोचेपर्यंत वरचा मजला एका बाजूला सरकला. आत आधाराच्या काड्या होत्या, पण क्रीमच सैल झाल्यावर काड्या काय धरणार? त्यांनी पूर्ण पैसे परत केले आणि तिथेच उभं राहून जमेल तसा केक सावरून दिला. त्यानंतर फ्रिजच्या दारावर चार चौकोन आखलेला कागद लागला. चौकोन भरले की ऑर्डर बंद. मार्च ते जून बटरक्रीम बंद. गुरुवारी वीज दुरुस्तीसाठी जाण्याची भीती असते, म्हणून सकाळी दहानंतर ओव्हन लावायचा नाही.

यादी छोटी करणं हे त्यांना दर वाढवण्यापेक्षाही जड गेलं. पूर्वी त्यांच्याकडे 34 चवी होत्या. रेड व्हेल्वेटसाठी घेतलेलं क्रीम चीज, ब्लूबेरीचा डबा, पिस्त्याची पेस्ट, सगळं अर्धवट वापरून टाकावं लागायचं. आता सात चवी आहेत, आणि सातही त्याच दोन स्पंजांवर उभ्या आहेत. बहुतेक सगळं एगलेस. इथल्या गिऱ्हाइकाचा वाढदिवस संकष्टीला येतो, एकादशीला येतो, श्रावणात येतो. अंड्याचा आणि बिनअंड्याचा असे दोन संसार छोट्या ओट्यावर मांडण्यापेक्षा एकच नीट मांडलेला बरा, हा त्यांचा निर्णय मला पटला.

साताऱ्याची बिस्किटं

साताऱ्यातल्या बाईंनी तर केकच सोडला. तिथे तुलना होते ती कोपऱ्यावरच्या अय्यंगार बेकरीशी. त्या दरात घरातून परवडत नाही, आणि क्रीमचा केक दोन दिवसांपलीकडे टिकत नाही. त्यांनी नाचणी-गूळ आणि गहू-तुपाची बिस्किटं धरली. ती तीन आठवडे राहतात. म्हणजे मंगळवारी, बुधवारी, हात मोकळे असताना करून ठेवता येतात. केकचा धंदा शनिवार-रविवारच्या मानेवर बसलेला असतो. बिस्किटांनी आठवडा सपाट केला.

पण त्यांना दुकानदार भेटला. दुकानात माल ठेवायचा तर छापील किमतीच्या वीस-पंचवीस टक्के त्याचे, आणि बोली अशी की खपलं तर पैसे, नाही तर माल परत. पहिल्या महिन्यात परत आलेल्या पाकिटांत निम्मी बिस्किटं फुटलेली होती. त्यांनी दुकानदाराशी वाद घातला नाही. पाकिटात खाली नागमोडी पुठ्ठा घातला, बिस्किट दोन मिलिमीटरने जाड केलं आणि प्रत्येक घाण्याला क्रमांक दिला. कोणता घाणा कोणत्या दुकानात गेला, ते वहीत. दिवाळीत आणि लग्नसराईत त्या दुकानाला माल देतच नाहीत. तेव्हा थेट खोके जातात, आणि दुकानदाराचा वाटा पोस्टेजला कामी येतो.

चौदा आकडे

कागदपत्रं म्हटलं की बायका आवाज खाली आणतात. ‘आपलं तर घरगुतीच आहे’ असं म्हणतात. 2006च्या अन्नसुरक्षा कायद्यात मात्र घरगुतीला सूट नाही. विकायचं तर नोंद हवी. 2011च्या नियमावलीने वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवली. सिंहगड रस्त्याच्या ताईंनी ती केली तेव्हा वर्षाचे 100 रुपये पडले. फोटो, ओळखपत्र, पत्ता, मोबाइलवरून अर्ज. मिळाला तो चौदा आकडी क्रमांक. तो खोक्यावर छापल्यानंतर जवळच्या एका कंपनीने वाढदिवसांच्या केकची कायमची ऑर्डर दिली. कंपनीला बिलावर तोच क्रमांक लागत होता. अंडं घातलेल्या केकवर हिरवा ठिपका चालत नाही, तिथे मांसाहाराची तपकिरी खूण लागते, हेही त्यांना तेव्हाच कळलं.

22 सप्टेंबर 2025पासून केक-पेस्ट्रीवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. तेव्हा कितीतरी गिऱ्हाइकांनी विचारलं, “आता तुमचे दर उतरणार ना?” या बायकांची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेच्या खूप आत असते. त्या जीएसटी लावतच नव्हत्या, मग उतरवणार काय? लोणी, कंडेन्स्ड मिल्क, चॉकलेट यांच्यावरचाही कर कमी झाला, त्याचा थोडा दिलासा मिळाला. पण त्याआधी 2024मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक पडल्याने कोकोचा जागतिक भाव टनाला 10,000 डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा त्यांच्या घरातला कोको पावडरचा डबाही महागला होता. त्या वेळी कुणी फोन करून ‘आता दर वाढवा’ म्हणालं नव्हतं.

विजेचं गणितही असंच हळूच चावतं. महावितरणचा दर 100 आणि 300 युनिटांवर पायरी चढतो. डिसेंबरात, मेमध्ये ओव्हन रोज चालला की वरचे युनिट चढ्या दराने पडतात. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असला तरी महिन्याला 300 युनिटांच्या आत राहणाऱ्याला घरगुती दरच मिळावा, अशी तरतूद वीज आयोगाच्या आदेशांत आलेली आहे, म्हणून डोंबिवलीच्या बाई दर रविवारी मीटरचा फोटो काढतात.

आणि एक सावधगिरीची गोष्ट. लष्करातला अधिकारी बोलतोय, युनिटसाठी पाच केक हवेत, आगाऊ पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा, असा फोन डोंबिवलीच्या बाईंनाही आला होता. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. एवढं एक वाक्य त्यांच्या फोनच्या मागे चिकटवलेलं आहे. त्या वाक्यामुळेच त्या वाचल्या.

शनिवारी रात्री

मी पुन्हा सिंहगड रस्त्यावर गेले तेव्हा दारावरचे चारही चौकोन भरले होते. एका चौकोनात काकूंच्या नातवाचं नाव होतं. त्यांनी शुक्रवारीच रात्री निम्मे पैसे पाठवले होते. निम्मे आगाऊ आल्याशिवाय चौकोनात नाव लिहायचं नाही, हा नियम ताई मोडत नाहीत. सख्ख्या नणंदेलाही तो लागू आहे. ती पहिल्यांदा दुखावली, दोन महिने बोलली नाही, आणि मग तिनेच तिच्या ऑफिसातल्या चार जणींना नंबर दिला.

ओव्हनमधून नानकटाईचा पत्रा नुकताच निघाला होता. वर जायफळ, कडांना बारीक तडे. मी पाव किलो मागितली. ताईंनी वजनकाट्यावर रिकामा डबा ठेवला, बटण दाबून शून्य केलं आणि एकेक नानकटाई मांडत गेल्या. 251 ग्रॅम झाले. झाकण लावलं, तारखेचं लेबल चिकटवलं.

“दोनशे रुपये.”

मी पैसे पाठवले. फोन वाजला, त्यांनी वहीत ओढून लिहिलं: पाव किलो, 200, रोख नाही. मग पत्र्यावरून एक नानकटाई उचलून माझ्या तळहातावर ठेवली. ती अजून कोमट होती.

“डब्यातल्यांचे पैसे झाले. ही घरची.”